इनासदादांची डोणी

इनासदादांच्या विहिरीचे पहाटेचे पहिले पाणी त्यांच्या केळींना कधीच मिळाले नाही. नंदाखाल गावच्या रस्त्यालगत, त्यांच्या वाडीच्या कुंपणाबाहेर, एक दगडी डोणी होती. रेडा रहाटाला जुंपला की आधी ती भरायची, वाटसरूंसाठी आणि गुरांसाठी. मगच पाट वाडीकडे वळवायचा. डोणीत धार पडू लागली की दादा ओंजळभर पाणी पीत, समाधानाने मान हलवीत आणि गळ्यातल्या क्रुसाला बोट लावीत. हा नेम त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. पाणी मागणाऱ्याला नावगाव विचारायचे नाही, हा दुसरा.

मी त्यांचा शेजारी; वसईच्या कोर्टात कारकून. अन्याय दिसला की अर्ज लिहायचा, ही माझी जुनी खोड. म्हणून ते मला ‘अर्जवाले भाऊ’ म्हणत. घरात त्यांची बोली वेगळी, माझी वेगळी. एकमेकांशी आम्ही शाळेतली मराठी बोलत असू.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत विरार स्टेशनकडून वस्ती आमच्या दिशेने सरकू लागली. मुंबईत जागा न मिळालेली कुटुंबे येत, फाळणीने उखडलेलीही येत. एका मालकाने दादांच्या वाडीमागची भातजमीन घेऊन तीन चाळी उठवल्या. खोल्या बांधल्या, भाडी ठरवली; विहीर मात्र खणली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात चाळीतल्या बायका हंडे घेऊन डोणीपाशी उभ्या राहिल्या.

मी संतापलो. भाडेकरूला पाणी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, ते तुम्ही का पार पाडता, असे मी दादांना विचारले. भाडे तो घेतो आणि पाणी तुम्ही देता, हा कोणत्या न्यायशास्त्रातला व्यवहार?

“भांडण त्याच्याशी आहे, भाऊ,” ते म्हणाले, “तहान बायकांची आहे. तुम्ही अर्ज लिहा. तो पिळून घोटभर पाणी निघालं, तर मी डोणी बंद करतो.”

त्यांच्या औदार्याला एक कारण होते. त्यांची पत्नी बाळंतपणात गेली होती. तेव्हा या भागात डॉक्टर नव्हता. बैलगाडीतून नेताना वाटेतच सगळे संपले. चाळी झाल्या आणि वर्षाच्या आत कोपऱ्यावर दवाखाना उघडला. पाठोपाठ शाळेला वरचे वर्ग जोडले गेले, भाजीला दारातच गिऱ्हाईक मिळू लागले. दादांच्या सुनेचे बाळंतपण त्या दवाखान्यात सुखरूप झाले. “ही माणसं आली म्हणून डॉक्टर आला,” दादा मला सुनावत. “पंधरा वर्षं आधी आली असती, तर माझं घर वेगळं असतं.”

दोन वर्षांत हंड्यांची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. रहाट अपुरा पडू लागला, तेव्हा दादांनी तेलाचे इंजिन बसवले. त्यांच्या वडिलांचे एक वाक्य त्यांनीच मला पूर्वी ऐकवले होते: “रेडा दमतो, तेव्हा विहीर श्वास घेते.” आमच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. हळू उपसले तर ते पुन्हा भरून येते. घाईने उपसले तर खालून समुद्र वर येतो. हे दादा जाणून होते. मी आठवण करून दिली, तर हसून म्हणाले, “इंजिनालाही विश्रांती देईन की.” परंतु शेवटची बाई रिकाम्या हंड्याने परतवणे त्यांना कधी साधले नाही. इंजिन चालूच राहिले.

एका सकाळी त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि ते थबकले. घोट थुंकला नाही. पाण्यावर थुंकू नये म्हणून गिळला. मग मला हाक मारली. “भाऊ, चाखून पाहा. माझी जीभ खोटं बोलतेय का?”

त्यांची जीभ खरे बोलत होती.

त्या वर्षी केळीच्या पानांच्या कडा करपल्या. पुढल्या वर्षी वाडी गेली. आसपासच्या विहिरीही मचूळ झाल्या आणि सगळा दोष दादांच्या माथी आला. ज्या तिघा शेजाऱ्यांनी इंजिने लावून बांधकामांना पाणी विकले, त्यांच्याविरुद्ध कोणी ब्र काढला नाही. फुकट देणाराच तेवढा गुन्हेगार ठरला. दादांनी इंजिन काढून टाकले, पुन्हा रेडा जुंपला. विहीर परतली नाही.

माझ्या अर्जांना अखेर फळ आले. चाळमालकाने भाडेकरूंसाठी पाण्याची सोय करावी, असा हुकूम निघाला. त्याने पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणली आणि चाळीत नळ आणला. हुकूम त्याने अक्षरशः पाळला. नळाला कुलूप घातले आणि वर पाटी लावली: ‘फक्त भाडेकरूंसाठी.’

दादा आजारी पडले, तेव्हा त्यांना गोडे पाणी हवे होते. त्यांची सून कळशी घेऊन त्या नळावर गेली. चाळीतल्या बायका बाजूला झाल्या, तिला पुढे जा म्हणाल्या. मालकाच्या माणसाने कळशी उचलून बाहेर ठेवली; बाहेरच्याला पाणी देईल तिची खोली जाईल, असे बायकांना बजावले. ती परत आली, तेव्हा मी खाटेपाशी बसलो होतो. मी उठलो, फिर्याद करतो म्हणालो. दादांनी माझा हात धरला.

“बायकांचा हंडा भरतोय ना रोज?”

“भरतोय.”

“मग बसा, भाऊ.”

चौथ्या दिवशी ते गेले. अखेरची आंघोळ त्यांना त्यांच्याच विहिरीच्या खाऱ्या पाण्याने घातली. चाळीतल्या बायका उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी. नळाचे कुलूप संध्याकाळीच निघत असे.

दफनानंतर मी कायद्याची पुस्तके चाळली. विहीर खाजगी, नळ खाजगी, हुकूम तंतोतंत पाळलेला. त्या पाटीविरुद्ध मला एकही कलम सापडले नाही.

त्यांच्या सुनेने नेम मोडलेला नाही. पहाटे रहाट फिरतो, पहिले पाणी डोणीत पडते. रस्त्याने जाणारी गुरे तोंड लावतात आणि मान वर करून पुढे जातात.