मोठ्यानं आमीन

कुरखेड्याच्या आमच्या मशिदीत सगळे हनफी पंथाचे, नमाजात आमीन मनात म्हणणारे. कोकणातून आलेले पोस्टमास्तर तेवढे शाफई. ते मोठ्यानं म्हणतात. रांगेत त्यांच्या शेजारी उभा राहणारा पंपमिस्त्री स्वतः बहुतेकदा नमाजाचं पहिलं आवर्तन चुकवून दुसऱ्या रकातीला पोचतो, पण दुसऱ्यांच्या चुका त्याला पहिलीपासून ठाऊक. मगरिबच्या, म्हणजे सांजेच्या नमाजानंतर चप्पल शोधताना तो रोज म्हणतो, "मास्तर, एक दिवस छपराच्या टिना उडवान तुमी!"

"तुमची आमीन वाट चुकू नये, म्हणून सोबत देतो, मिस्त्री."

परवा आदल्या नमाजात ती आमीन ऐकलेल्या चंद्रपूरच्या एका पाहुण्यानं नमाजाला जमात रांगेत उभी राहताना मास्तरांना म्हटलं, "मोठ्यानं म्हणणाऱ्यांनी मागं जावं." मास्तर मागं जायला वळले. मिस्त्रीनं हात धरून त्यांना पुन्हा रांगेत ओढलं आणि तो पाहुण्यावर उखडला, "तुमी काऊन बोलता? यायले बोलाले मी हाये ना इथी!"