बिनकल्हईचे साठ कप

१९५८ साली मी चोवीस वर्षांचा होतो, आणि आमच्या वडनेरला कल्हईवाले चाचा येऊन लिंबाखाली बसले की लग्नसराई लागली असं गाव समजायचं. चाचा गिरडचे. भांड्याला कल्हई झाली की ते त्यात कढत चिंचेचं पाणी ओतायचे, एक बिडी संपेस्तोवर थांबायचे आणि मालकाच्या आधी स्वतः पिऊन टाकायचे. दिवसाला दहा-बारा भांडी म्हणजे दहा-बारा वेळा आंबट. दात असे आंबून जायचे की संध्याकाळी भाकर दुधात कुस्करून खात. पण नेम मोडला नाही. म्हणायचे, "चमक डोयाले असते, कल्हई पोटाले. पोटाचं पोटानंच पाहा लागते."

गावची सगळी भांडी ते एकाच ढिगात घ्यायचे. एकदा पाटलाचा गडी येऊन म्हणाला, आमची भांडी वस्तीच्या भांड्यांत मिसळू नका. चाचांनी मान वर केली नाही. "कथलाले इतकंच समजते बाप्पा, भांडं घासलेलं हाय का नाई. तुमचं घासलेलं नाई. घासून आना." तो बिचारा गडी राख लावून सगळी भांडी घासून परत आला. आमची वस्ती आठ दिवस हसत होती.

त्या साली माझ्या बहिणीचं लग्न निघालं. धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं होत आलेली, वस्तीतलं नव्या रीतीचं हे पहिलं लग्न. वरात हिंगणघाटची, दिवस उन्हाचे. पाहुण्यांना कैरीचं पन्हं द्यायचं मी ठरवलं, पण द्यायचं कशात? वस्तीत पुरेसे पितळी गिलास एकाच घरी, चुलतभाऊ नामदेवदादाकडे. त्याचं माझं बोलणं शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून बंद होतं. पाटलाकडं मागावे तर त्यांनी आम्हाला द्यायची भांडी वेगळी ठेवलेली असत, आणि ते दिवस संपले हे मीच चारचौघांत छाती काढून बोललेलो. म्हणून नागपूरला गेलो आणि साठ कप घेऊन आलो. पिलास्टिकचे, लालभडक, पातळ. प्यायचं आणि फेकायचं, असं दुकानदार म्हणाला. त्यांच्यावर कोणाच्या घरचं नाव कोरलेलं नव्हतं, हेच मला फार आवडलं.

आईनं कप उलटासुलटा करून पाहिला. "आंबट देतं तं याले कल्हई कुठं हाय?"

माझी शाळा दुसरीपर्यंत. दुसरीत पिलास्टिक नव्हतं. मला वाटलं, म्हातारी बरोबर बोलते. कपांचं टोपलं उचललं आणि सरळ लिंबाखाली नेऊन ठेवलं, म्हटलं, कल्हई करून द्या.

चाचा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. हे विस्तवाचं काम नाही, एवढंच समजावून सांगत होते. मी म्हणालो, तुम्हाला जमत नाही असं म्हणा ना. मग त्यांनी एक कप चिमट्यात धरला आणि भट्टीजवळ नेला. कप लाजाळूसारखा मिटला, लाल थेंब निखाऱ्यावर गळले आणि असा वास सुटला की भांडी घेऊन बसलेल्या बायका नाकाला पदर लावून उठल्या. त्यातली एक लांबून म्हणाली, "कल्हई बसली का, भाऊ?"

मी पेटलो. एक गेला, एकोणसाठ आहेत, म्हणालो. चाचांनी निमूट दुसरा कप घेतला, त्यात कढत चिंचेचं पाणी ओतलं आणि बिडी पेटवली. बिडी संपली. पाण्यावर लालसर झाक आली होती आणि वास घासलेटासारखा.

"प्या," मी म्हणालो.

चाचांनी कप खाली ठेवला. तीस वर्षांत कोणाचं भांडं त्यांनी न पिता ठेवलं नव्हतं.

"पितळ कळकते, ते मले मालूम हाय. किती कळकलं ते बी जिभेवर समजते. हे काऊन वास मारून राह्यलं, मले नाई समजत. जे समजत नाई, त्यात पाहुन्याले आंबट नाई देवाव."

पुढं स्टील आलं आणि चाचांचं येणं विरळ झालं. एका वर्षी लिंबाखालची भट्टीची जागा तशीच राहिली, पानगळीनं भरून गेली. गिरडला जाऊन मी चौकशी केली, तर ते उन्हाळ्याच्या तोंडीच वारल्याचं कळलं. आता नातवांच्या वाढदिवसाला तसलेच कप घरात येतात. त्यात कोणी कढत चहा ओतून दिला तर मी तो खाली ठेवतो. म्हातारा हेकट आहे म्हणतात. आहेच.

पण त्या दिवशीचं अर्धंच सांगितलं. मी चाचांना ठणकावलं की मेलो तरी नामदेवच्या दारात जाणार नाही. त्यांनी टोपलं माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाले, "नको जाऊ. पाहुने तुहे, पन्हं तुहं." आणि दुसऱ्याच्या परातीला नवसागर लावायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामं टोपलं घेऊन नामदेवच्या दारात उभा राहिलो. तो दात घासत बाहेर आला.

"दादा," म्हटलं, "गिलास पाह्यजेत. कल्हई मी करून देतो."