बारवेतलं मीठ

बारवेच्या पहिल्या पायरीवर मी थबकलो. हातात मिठाची पुडी होती. समोर मीच महिन्यापूर्वी रंगवून घेतलेली लाल अक्षरं होती: 'पाणी पिण्यास अयोग्य'.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमची लॅब भाड्याच्या खोलीत होती आणि मी तिथला केमिस्ट. दुष्काळात उदगीरजवळच्या या गावाला ही पायऱ्यांची विहीर तेवढी उरली होती. तिच्या सँपलमध्ये क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, फार आला. मी सही केली. बारव झाडणाऱ्या नागम्मा तेव्हा म्हणाल्या होत्या, "साहेब, पाणी खारट न्हाई. झऱ्याचं पिऊन तर बघा." चव बघणं आमच्या पद्धतीत नव्हतं.

आता लेकीच्या बोटावर चामखीळ आली होती. बायकोने पुडी दिली होती. बारवेत देवीच्या नावाने सोडलेलं मीठ विरघळतं तशी चामखीळ विरघळते, असं सगळे मानतात.

"सोडा की," नागम्मा मागून म्हणाल्या. त्यांच्या हाताला प्लास्टर होतं. "खालच्या पायरीवरनं. समदे तिथनंच सोडतात."

त्याच पायरीवर बसून मी सँपलची बाटली बुडवली होती.

"रोज सोडतात?"

"आयतवारी तर रांग लागती."

मी आलो होतो सोमवारी. पाणी गुडघाभर.

"मावशी, हाताला काय झालं?"

"मळ्यातल्या हिरीवरनं घागर आणताना पडले. दोन कोस हाय ना." लाल अक्षरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

लॅबमध्ये परतून मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं.

"सँपल चुकलं, असं लिहून देशील? मेमो मिळेल."

"देतो, साहेब."

पंप लावून बारव उपसली. झऱ्याच्या तोंडाशी नवं सँपल घेतलं. मीठ अगदी बेताचं निघालं. ब्लीचिंग पावडर टाकून पाणी खुलं केलं.

मिठासाठी नागम्मांनी काठावर पाण्याने भरलेली दगडी डोण ठेवून घेतली. एक म्हातारा कुरकुरला, "देवीचं मीठ भायेर?"

"देवीला तहान लागली तर तिलाबी गोडच पाणी लागंल की!"

पहिली पुडी त्यांनी धड हाताने माझ्या लेकीची सोडली.

त्यांचा दुसरा हात वाकडाच राहिला. लेकीची चामखीळ गेली. कशाने गेली, ते मी तपासलं नाही. मेमो फाइलमध्ये आहे. तेव्हापासून बाटली बुडवण्याआधी काठावर जो कोणी असेल त्याला विचारतो, "यात तुम्ही काय सोडता?"