पहिलं दळण

माझ्या गिरणीत नव्यानं टाकी लावलेल्या दगडावर पहिलं दळण कुणाचं पडायचं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गावात आता माझं कौतुक होतं. निजामाच्या राज्यात, कुणाची छाती नव्हती तेव्हा, ह्यानं साऱ्या गावाला एका रांगेत दळून दिलं, असं म्हणतात. मी ऐकून घेतो आणि खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कंपनीची नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता आणि आजही नाही. मला जे खुपतं ते निराळंच आहे.

परभणीला मुंबईच्या एका कापूस कंपनीचा जिनिंगचा कारखाना होता. तिथं मी कारकून. हंगामात नाकाकानात कापूस जायचा, जेवताना घासात यायचा. कंपनीचा बडा एजंट पाहणीला आला की आम्ही सगळे कारकून गळ्यापर्यंत बटणं लावून अंगणात उन्हात उभे. तो मोटारीतून उतरायचा, आमच्याकडे न बघता आत जायचा, आणि तो परत निघेपर्यंत आम्ही हलायचं नाही, असा रिवाज. एकदा असाच उभा होतो. आतून इंजिनाचा आवाज येत होता. एका पट्ट्यावर ओळीनं सगळी यंत्रं फिरत होती. तेव्हा मनात आलं, की बोरीला आपल्या घरी बायको पहाटेपासून जात्यावर बसली असेल. पोटात मूल असताना ती बसली होती, ताप असतानाही बसली होती. कंपनीच्या कापसासाठी इंजिन आणि माझ्या घरच्या भाकरीसाठी तिचा दंड. त्या दिवशी एजंट परत जायच्या आत मी रांगेतून निघालो आणि सावलीत जाऊन बसलो. तिथंच नोकरी संपली होती. राजीनाम्याचा कागद मागाहून दिला.

मॅनेजर हसला. कंपनीनं मोडीत काढलेलं एक ऑइल इंजिन होतं, ते मी मागितलं तेव्हा आणखी हसला, पण दिलं. वडील तहसिलीतून वजिफा, म्हणजे पेन्शन, घेऊन घरी बसलेले. ते म्हणाले, "तीन पिढ्या हातात कलम आपल्या. उद्या तुला लोक दळप्या म्हणतील."

"म्हणू द्या," मी म्हणालो. "दळप्याला कुणासाठी उन्हात उभं राहावं लागत नाही."

वडिलांशी इतकं उलट मी आयुष्यात एकदाच बोललो.

इंजिन बैलगाडीनं बोरीला आलं तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं. मला कंपनीमुळं मुनशी म्हणायचे. कुणीतरी विचारलं, "मुनशी, कलम आता पिठात बुडवायची का?" लोक पोट धरून हसले. मीही हसलो. गिरणीचं पीठ पोट जाळतं, अशी आवई उठली, तीही जिरली. बायकांनी एकदा गिरणीचं पीठ नेलं की मागं फिरत नव्हत्या.

अडलं ते मोठ्या घरांपाशी. त्यांची दळणं आल्याशिवाय इंजिनाचं तेलसुद्धा निघणार नव्हतं, आणि त्यांची अट होती, की आमच्या दळणाआधी दगडावर भलत्याचं दळण पडलेलं चालणार नाही. महारवाड्यातलं तर गिरणीच्या पायरीवरही नको. मार्ग त्यांनीच काढला. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं ठोकून पुन्हा खरबरीत करावा लागतो, त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावली की दगड कोरा झाला, असं देशमुखांच्या थोरल्यांनी ठरवून टाकलं. आठवड्यातून एकदा टाकी लावायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधी मोठ्या घरांचं दळायचं. मी मान डोलावली.

पण टाकी लावलेल्या दगडातून पहिल्या दळणात कच येते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दगडाचाच बारीक भुगा तो. पहिल्याच खेपेला थोरल्यांच्या दाढेत कचकन लागलं आणि त्यांनी निरोप धाडला, मुनशी, आम्हांला दगड खायला घालायलास का?

घरची शेरभर ज्वारी त्या दगडावरून काढून फेकली असती तरी भागलं असतं. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

महारवाड्यातली एक बाई गिरणीमागं येऊन झाडणीचं, खाली सांडलेलं पीठ मागायची. अंगानं किडकिडीत, लहान लेकरांची आई. तिला मी म्हणालो, टाकीच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुझी ज्वारी घेऊन मागच्या दारानं ये, फुकट दळून देतो, मात्र कुठं बोलू नकोस. तिला तो उपकार वाटला. तिचे हात जात्यातून सुटले, खुरपायला लवकर जाता येऊ लागलं. तिनं मला तोंडभरून दुवा दिला.

असं बरेच महिने चाललं. तिची ज्वारी कच घेऊन जायची, आणि तिचंच पीठ दगडाच्या खाचांत उरायचं, ते पुढच्या दळणांत मिसळून मोठ्या घरांत जायचं. त्या घरांतल्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी खुशाल वाचावं. तुमच्या देवांना त्यानं काही झालं नाही. सणावारांना तुमच्या पोळ्याही टम्म फुगल्या.

माझी जीभ अडते ती पुढच्या गोष्टीपाशी. एकदा ती पीठ बांधता बांधता म्हणाली, "मालक, भाकर कचकच लागायलीय. लेकरं थुकून टाकायलेत."

मी म्हणालो, "तुझ्या ज्वारीत खळ्यातली माती असेल. नीट पाखडून आणत जा."

"आसंल," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला तिनं ज्वारी पाखडून, निवडून, धुऊन वाळवून आणली. फडक्याची गाठ सोडून मला दाखवली. "बघा, आता एक खडा न्हाई." मी वाकून बघितलं, बरी आहे म्हणालो, आणि टाकी लावलेल्या दगडावर ती ओतली.

मग एका सकाळी थोरल्यांचा गडी पोती घेऊन वेळेआधीच आला. ती बाई मागच्या दारानं निघत होती. टोपल्यातलं पीठ अजून गरम होतं. दुपारी मला मारुतीच्या पारावर बोलावणं आलं. तिलाही आणून खाली, लांब उभं केलं होतं. चार जाणती माणसं बसलेली. थोरल्यांनी विचारलं, "हिला दळून दिलंस का रे, मुनशी?"

हो म्हणालो असतो तर गिरणी त्याच दिवशी बंद पडली असती. मी पुन्हा बटणं लावून कंपनीच्या त्या अंगणात उभा आहे, असं मला दिसलं.

"झाडायला येते," मी म्हणालो. "झाडणीचं पीठ नेते."

थोरले तिच्याकडे वळले. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"व्हय जी," ती म्हणाली. "झाडायला येती म्या."

तिनं माझी गिरणी वाचवली की स्वतःची पाठ, ते मला माहीत नाही. यापुढं गिरणीच्या गल्लीत पाय टाकायचा नाही, असं तिला बजावलं आणि हाकलून दिलं. मला उलट, अट पाळली म्हणून, शाबासकी मिळाली.

त्या शाबासकीनं मी पेटलो. पुढच्या टाकीला माझ्या घरची ज्वारी आधी घातली आणि ती कच आम्ही खाल्ली. बायको बोलली, तरी खाल्ली. थोरल्यांचा गडी आला तेव्हा दाराशी आधीच तेली, कोळी, साळी उभे होते. मी सांगितलं, जो आधी येईल त्याचं आधी. महारवाड्यातला आला तरी हेच. आणि कुणाला ओवळं होत असेल तर घरात जातं आहेच. मोठ्या घरांची पोती काही दिवस आली नाहीत. तेल संपत आलं, वडील तोंड फिरवून बसले, मी इंजिन चालूच ठेवलं. शेवटी त्या घरांतल्या सुनाच जात्याला हात लावीनात. पोती आली, आणि रांगेत उभी राहिली. महारवाड्यातलेही येऊ लागले, पुढच्या दारानं.

ती आली नाही. तिच्या शेजारणीकडून मी निरोप धाडला होता. मला घरच्या जात्याचंच गोड लागतं, असं तिनं उलट कळवलं.

पुढं राज्य बदललं. पारावर बसणारे ते चौघे एकेक करून गेले. ती आहे. थकलीय, पण आहे. वाटेत समोर आली की अजूनही पदर सावरून बाजूला होते, आणि मी तसाच पुढं जातो.

तिच्या ज्वारीत माती नव्हती, कच माझ्या दगडाची होती. हे तिच्या दारात जाऊन तिला सांगणं, आणि ती झाडायला येत नव्हती, दळायला येत होती, हे पारावर चार लोकांत सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.