टॅक्स आपण भरायचा

बाळकुमला आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर राहणारे काका रोज एकदा तरी बोट दाखवून म्हणतात, "टॅक्स आपण भरायचा आणि मजा यांनी मारायची." रविवारी बोट गेटवरच्या कोळणीकडे गेलं. ती मासळीच्या पाटीशी बसून पाच रुपयांची बिस्किटं चहात बुडवून खात होती. तिने पुडा काकांसमोर धरला. "काका, यावरचा टॅक्स मना माफ हाय का?"

काकांनी पापलेटचे वीस रुपये तेवढे कमी करून घेतले.

दुपारी मी त्यांच्यासोबत टाइल्स आणायला गेलेलो. दुकानदाराने पक्क्या बिलाचं विचारलं.

"नको रे, कच्च्यावर दे," काका म्हणाले. "उगाच टॅक्स कशाला भरायचा?"

रिक्षातून परतताना काकांचं बोट रिक्षावाल्याकडे वळलं. टाइल्सचा खोका माझ्या मांडीवर होता, नाहीतर तिथेच काकांना हात जोडले असते.