सरोजाक्कांची काडी

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्याशीच भांडत होते. म्हणजे भला मोठा मेसेज लिहीत होते, येत्या रविवारी वर्गात बाराखडीचा तक्ता लागलाच पाहिजे म्हणून. तेवढ्यात तांबरमहून त्यांच्या सुनेचा फोन आला. सकाळी कॉफी घेतली आणि खुर्चीतच... भांडण असं अर्धवट टाकून निघून जाणं हा शुद्ध अन्याय आहे. महिना होत आला, तरी माझा राग गेलेला नाही.

वेलचेरीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठी वाचनाचा वर्ग भरतो. नोकरीसाठी इकडे आलेल्या आमच्यासारख्यांची मुलं. माझी अन्वी मैत्रिणींशी तमिळमध्ये भांडते आणि माझ्याशी इंग्रजीत. तिला निदान मराठी वाचता यावं, एवढाच माझा हट्ट. वर्ग मी आणि सरोजाक्का मिळून चालवायचो. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. देवनागरी येणाऱ्या त्या घरात एकट्याच. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून भजनं गायची आणि पोथीतल्या ओळींखालून बोट फिरवायचं, असं करता करता त्यांना वाचता यायला लागलं. अक्षरं कुणी शिकवलीच नाहीत. झालं, जगातल्या सगळ्या मुलांनी असंच शिकावं, हा त्यांनी निकाल देऊन टाकला.

माझं म्हणणं साधं होतं. आधी अक्षर, मग काना-मात्रा, मग शब्द. अक्का माझा तक्ता उतरवून ठेवायच्या, मुलांना गोष्ट सांगायच्या, तीच मोठ्या अक्षरांत लिहायच्या आणि खराट्याची एक काडी मुलाच्या हातात द्यायच्या. काडी ओळीखालून सरकायची, मुलं घडाघडा बोलायची, आईबाप खूश. शेवटी एकदा मी एका ओळीतला कोल्हा खोडून तिथे ससा लिहिला. अन्वीने काडी सशाखालून नेली आणि खुशाल कोल्हा वाचला. मी अक्कांकडे बघितलं.

"सरि, कण्णा," म्हणजे बरं, बाळा, असं त्या शांतपणे म्हणाल्या, "गोष्ट येती की तिला. अक्षर मागून येतील."

कधी येतील, लग्नात का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका मुलीला बोलावलं आणि 'घागर' लिहून दिलं. तिने अक्षर अक्षर जोडून बिनचूक वाचलं. घागर म्हणजे काय, तर म्हणाली, "तेरियादु." माहीत नाही.

"अक्षर सारी आली," अक्का मला म्हणाल्या, "घागर कोठं आहे?"

अशी दोन वर्षं त्यांनी माझं डोकं खाल्लं.

तेराव्याला अन्वीला घेऊन मी तांबरमला गेले. फोटोपुढे अक्कांची पोथी होती आणि तिच्यात खुणेला ती काडी. अक्कांनी शिकवलेलं भजन अन्वीनेच वाचावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अन्वी बसली, काडी ओळीखाली धरली आणि खणखणीत वाचू लागली. मधेच पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. ती तशीच पुढे. काडी भलत्याच भजनाखालून चालली होती आणि तोंडी अक्कांचं भजन होतं. घरची माणसं डोळे पुसत होती, पोरगी किती सुरेख वाचते म्हणत होती. पान चुकलंय हे कळणारं माझ्याशिवाय एकच माणूस त्या खोलीत होतं, आणि ते फोटोत होतं. बघा, म्हणून मी सवयीने तिकडे वळले... आणि मला रडू आवरेना. त्यांच्याइतकं मला या गावात कुणीच छळलं नव्हतं, आणि त्यांच्याइतकं जवळचंही कुणी नव्हतं.

निघताना सुनेने पोथी काडीसकट अन्वीच्या हातात दिली.

परवाच्या रविवारी मी भिंतीवर तक्ता लावला. तो दिवसभर तसाच राहिला, कुणी उतरवला नाही. वर्ग सुटल्यावर अन्वीपुढे पोथी उघडली, नेमकं ते चुकलेलं पान, आणि वाच म्हटलं.

तिने एकदा तक्त्याकडे बघितलं. "अक्कांसारखं वाचू, का तुझ्यासारखं?"

"आधी अक्कांसारखं," मी वैतागून म्हटलं, आणि काडी तिच्या हातात दिली.