आत्याचा तारा आणि माझा खिसा

रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोबाइल न्यायचा नाही, हे दारावर माझ्या डोक्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. तरी मी नेला. आत्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस, म्हटलं गुपचूप एक फोटो काढू. बायकोने नेमका तेव्हाच फोन केला आणि पडद्यावरची आत्याच्या ताऱ्याची नाजूक रेघ पिसाळल्यासारखी नाचू लागली.

"कोणाच्या खिशात आहे?" आत्याने मान न वळवता विचारलं. खोलीत आम्ही दोघंच होतो.

आत्या तिथली ऑपरेटर. दर पंधरा दिवसांनी तोच तारा, वीस मिनिटं. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि घड्याळासारखे रेडिओ लहरींचे ठोके देतो. ते वेळेवर येतात का, एवढंच ती अठरा वर्षं बघत आली.

"लांब कुठेतरी दोन अजस्र कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरतात, त्याने अवकाशच हलतं, ठोका किंचित मागेपुढे होतो," ती सांगायची. "अशा असंख्य जोड्या, सगळ्यांची मिळून एक गुणगुण. हॉलबाहेर उभं राहून कलकल ऐकली की आत किती माणसं जमलीत ते कळतं ना, तसं."

अशा कितीतरी ताऱ्यांचे ठोके जगभर मोजले जात होते. आपल्या ताऱ्याच्या वहीत आत्याने एकही चौकोन रिकामा सोडला नव्हता. माझ्या लग्नातून ती जेवून थेट ड्यूटीवर गेली होती.

आणि शेवटचा चौकोन मी बुडवला.

दुर्बिणीची पुढची वेळ दुसऱ्या गटाची. त्यांचे साहेब खडूस, कोणाला मिनिटभर देतील तर शपथ. आत्याने चष्मा पुसला आणि मला घेऊन शेजारच्या खोलीत त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, अठरा वर्षांत काही मागितलं नाही. तारा मावळायच्या आत वीस मिनिटं द्या. भाच्याने घाण केलीय."

मी फोन नव्हे, गाढव घेऊन आलोय अशा नजरेने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पंचवीस घ्या, बाई. पण याला आधी बाहेर काढा."

फोन लोखंडी कपाटात गेला, मी काचेबाहेर. आत रेघ शहाण्यासारखी सरळ चालली होती. आत्याने आकडा लिहिला, वही मिटली आणि खुर्चीसकट एक गिरकी घेतली. खडूस साहेब चक्क टाळ्या वाजवत होते!

परतताना स्कूटरवर मागे बसलेली आत्या भलतीच खुशीत होती. मला राहवेना.

"आत्या, पण त्या गुणगुणीतून विश्वाचं नक्की काय कळणार गं?"

"तू तोंड बंद ठेवलंस तर बरंच काही."